९/११ फॅमिली स्टिअरिंग कमिटी: साडेचार स्टार
अमेरिकेतल्या ९/११ च्या हल्ल्यात गेलेल्यांच्या १२ नातेवाइकांची ही कमिटी, त्यातल्या चौघी न्यू जर्सीच्या विधवा, राजकारणाशी काही संबंध नसताना नवऱ्याचे फोटो हातात धरून खासदारांच्या ऑफिसचे उंबरठे झिजवत राहिल्या आणि आधी नकोच म्हणणाऱ्या बुश सरकारला नोव्हेंबर २००२ मध्ये चौकशी आयोगाच्या कायद्यावर सही करावीच लागली. बरं, जुलै २००४ ला अहवाल आला म्हणून गप्प बसल्या का, तर नाही, डिसेंबरमध्ये गुप्तचर सुधारणा कायदा होईपर्यंत पाठ सोडली नाही!! हे फार भावलं मला. अर्धा स्टार कापला कारण त्याच कायद्यात कुठल्या दहशतवादी गटाशी संबंध दाखवता आला नाही तरी एकट्या परदेशी संशयितावर पाळत ठेवायची मुभा घुसली, ते मला अजूनही पटत नाही.