एकाच बाजूचे दोन पंख : साठ इंची बाल्सा किटचा आठ महिन्यांचा अनुभव

बाल्सा या हलक्या लाकडाचे भाग जोडून बांधायच्या, रिमोटने उडणाऱ्या, साठ इंच पंखविस्ताराच्या मॉडेल विमानाचे हे किट गुढीपाडव्याच्या आठवड्यात आमच्या अंबाजोगाईच्या घरी आले आणि मागच्या रविवारी त्याचे सहावे उड्डाण झाले. मधल्या आठ महिन्यांपैकी निदान तीन महिने मी एकच काम दोनदा, काही वेळा तीनदा करण्यात घालवले. लेझरने कापलेले भाग, चार चॅनेल, थ्री सेल बॅटरी ही माहिती विक्रीच्या पानावर आहेच, ती येथे पुन्हा देत नाही.

माझी मुख्य तक्रार आराखड्याची आहे. ज्या पूर्ण मापाच्या कागदावर टाचण्या टोचून पंख बांधायचा, त्यावर फक्त उजवा पंख छापलेला आहे. मी त्यावर एक पंख बांधला, सोडवून कपाटावर ठेवला आणि त्याच कागदावर दुसरा बांधायला घेतला. अकरा रात्रींनंतर दोन्ही शेजारी मांडले, तेव्हा दोन्हींची जाड बुडे एकाच दिशेला होती. उलटा करून बसवावा म्हटले, तर फुगीर बाजू खाली आणि सपाट बाजू वर जाते, म्हणजे ज्या आकारामुळे विमान उचलले जायचे तोच पालथा होतो. आमच्या सौ. दारातूनच म्हणाल्या, ‘‘एकाच पायाच्या दोन चपला आणल्यात की हो तुम्ही.’’

सहा हजार आठशे रुपये घेणाऱ्या विक्रेत्याने दीड हात कागद वाचवावा, याचा मला अतोनात संताप आला. मी त्यांना तीन ईमेल पाठवले आणि तिसऱ्यात डाव्या पंखाचे सर्व भाग विनामूल्य पाठवण्याची मागणी केली.

वरच्या तक्रारीचा मजकूर मे महिन्यात लिहिलेला आहे. तो बदलत नाही, परंतु पुढे जे कळले तेही लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. विक्रेत्याने उत्तरादाखल पुस्तिकेच्या चौथ्या पानाचा फोटो पाठवला. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : डाव्या पंखासाठी कागदाला तेल लावून तो पालथा घालावा, म्हणजे रेषा मागून दिसतील. माझी प्रत काढून पाहिली, तर त्याच ओळीवर माझ्या गोंदाच्या बाटलीच्या बुडाचे वाळलेले वर्तुळ बसले होते. बाल्सा बहुतांशी इक्वाडोरमधून येते आणि आपल्या सॉ मिलमध्ये मिळत नाही, त्यामुळे रिब (पंखाच्या फासळ्या) आणि स्पार (त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या) पुन्हा त्यांच्याकडूनच मागवावे लागले. लाकडाचे चारशे दहा आणि कुरिअरचे दोनशे तीस रुपये झाले. लाकडाबद्दल माझी तक्रार नाही, कुरिअरबद्दल आहे.

घरात करडईचे तेल होते, तेच कापसाने कागदाला लावले. कागद बटर पेपरसारखा पारदर्शक झाला आणि रेषा स्पष्ट दिसू लागल्या, तेव्हा या युक्तीचे मला कौतुकही वाटले. मात्र तेलकट कागद आणि लाकूड यांच्यामध्ये प्लास्टिकचा ताव अंथरावा लागतो. मी तो अंथरला, पण एका टोकाला चार बोटे कमी पडला. तेवढ्या भागात खालच्या स्पारने तेल ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंख उचलला, तर त्या टोकाच्या तीन रिब लसणाच्या पाकळीसारख्या अलगद सुटून हातात आल्या. तेल प्यायलेल्या लाकडाला गोंद धरत नाही. तो तुकडा कापून नवा जोड देण्यात आणखी चार रात्री गेल्या.

गोंदाविषयी पुस्तिकेत काहीच नाही, म्हणून सांगतो. सीए गोंद, म्हणजे फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद, हवेतील ओलाव्यामुळे घट्ट होतो. मे महिन्यातील आपल्या कोरड्या हवेत तो लवकर धरत नव्हता. मी बाटली जुनी निघाली असे समजून प्रत्येक सांध्यावर जास्त गोंद ओतला, वर खायचा सोडाही भुरभुरला. सोड्याने तो क्षणात दगडासारखा होतो, पण मग पॉलिश पेपरने घासताना शेजारचे मऊ लाकूड झिजते आणि गोंदाचा टणक गोळा तसाच राहतो. जुलैमध्ये तीच बाटली इतक्या झटकन चिकटू लागली की रिब सरळ करायला सवड मिळेना. बाटली निर्दोष होती.

या जादा गोंदाची किंमत शेवटी विमानाच्या नाकाने चुकवली. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून 72 मिलिमीटरवर यायला हवा होता, तर माझे शेपटीवर बसत होते. तोलाच्या जागेपासून शेपूट नाकाच्या जवळजवळ तिप्पट लांब असते, त्यामुळे मागच्या 20 ग्रॅम फाजील गोंदासाठी पुढे 60 ग्रॅम भार घालावा लागला. टायरच्या दुकानातून चाकाच्या रिमला चिकटवतात त्या पट्ट्या आणल्या, दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. सांगाड्यावर चढवायची पातळ फिल्म घरच्या इस्त्रीने व्यवस्थित बसली, सुरकुत्या पडल्या नाहीत.

सोयाबीन निघाल्यावर भावाच्या रिकाम्या रानात पहिले उड्डाण केले. ढेकळांत चाके अडकतात म्हणून पुतण्याने विमान हातातून सोडले. ते डावीकडे थोडे ओढत होते. हातातल्या ट्रान्समीटरवर ट्रिमचे, म्हणजे दिशा किंचित दुरुस्त करणाऱ्या बटणाचे, दोन टप्पे दिल्यावर सरळ झाले आणि मोटर बंद केल्यावरही इतके संथ तरंगत उतरले की माझे विक्रेत्याविषयीचे मत पुष्कळ निवळले.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण बारीक अक्षरांचा आणि एक कुरिअरचा कापला आहे. जादाचा उजवा पंख पोटमाळ्यावर पडून आहे. त्याला तेल लागलेले नाही. हेच किट बांधणाऱ्या कोणाला तो हवा असल्यास लाकडाचे पैसे घेणार नाही, कुरिअरचे मात्र घेईन.