व्हीसेंटर हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी: चांगली, पण डीआर (डिझास्टर रिकव्हरी) नव्हे

व्हीसेंटर म्हणजे व्हीएमवेअरचे होस्ट (प्रत्यक्ष सर्व्हर) आणि त्यांवरची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते बंद पडलं तर त्याची दुसरी प्रत काम हाती घेते, ती ही हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी (एचए). व्हीएमवेअरने व्हीस्फिअर 6.5 पासून दिलेली ही सोय एका साइटपुरती उत्तम आहे. अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह (त्याची तयार प्रत) आणि विटनेस (दोघांतला साक्षीदार) असे तीन नोड लागतात. व्हीसेंटरचा सर्वांत छोटा 'टायनी' साइज चालत नाही, किमान 'स्मॉल' हवा. विटनेसला 1 व्हीसीपीयू आणि 1 जीबी रॅम पुरते.

घोळ होतो तो नेटवर्कमध्ये. या नोडना आपसात जोडणाऱ्या एचए नेटवर्कचा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) मॅनेजमेंट नेटवर्कपेक्षा वेगळाच ठेवा. नोडमधली लेटन्सी (संदेश पोचायला लागणारा वेळ) 10 मिलिसेकंदांच्या आत हवी, कारण डेटाबेसचं रेप्लिकेशन सिंक्रोनस असतं, म्हणजे प्रत्येक बदल लगेच पॅसिव्हवरही लिहिला जातो. म्हणूनच लांबच्या डीआर साइटवर पॅसिव्ह ठेवायचा मोह टाळा. तिन्ही नोड वेगवेगळ्या होस्टवर राहतील असा अँटी-अ‍ॅफिनिटी रूल लावाच. पॅसिव्ह आणि विटनेस एकाच होस्टवर असताना तो होस्ट गेला, तर धडधाकट अ‍ॅक्टिव्हसुद्धा सेवा थांबवतो!

फेलओव्हरला साधारण पाच मिनिटं धरा. तेवढ्यात व्हीएम सुरूच राहतात, फक्त व्हीसेंटरमधून त्यांचं व्यवस्थापन करता येत नाही.

अ‍ॅक्टिव्हवर चुकून काही डिलीट झालं, तर पॅसिव्हवरूनही ते लगेच जातं. त्यामुळे व्हीसेंटरच्या 5480 पोर्टवरच्या मॅनेजमेंट पानातून रोजचा फाइल-बेस्ड बॅकअप डीआर साइटवर पाठवा. रिस्टोअरनंतर एचए पुन्हा उभारावी लागते, तो वेळही हिशेबात धरा.