क्रीट की सायप्रस, गाडी घेऊन निवांत फिरायचं तर कुठलं बेट निवडावं?

ग्रीसचं क्रीट आणि स्वतंत्र देश असलेलं सायप्रस, दोन्ही बेटं सुंदर आहेत, दोन्हीकडे निळं पाणी आहे, त्यामुळे बीचचे फोटो बघून ठरवू नका. गाडी कोण चालवणार, सोबत कोण आहे आणि हातात दिवस किती, या तीन गोष्टींवर ठरवा. आराम मिळणार की रोज संध्याकाळी पाठ धरणार हे त्यावरच आहे.

सायप्रसचा सगळ्यात मोठा फायदा सरळ आहे, तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. 1960 पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं, तीच पद्धत राहिली. स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला, सर्कलला जायची दिशाही आपल्याकडचीच. ज्यांनी परदेशात कधी गाडी चालवली नाहीये त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण नवीन ठिकाणी रस्ता शोधायचा, पाट्या वाचायच्या आणि वर प्रत्येक वळणावर आपण कुठल्या बाजूला आहोत याचा विचार करायचा, यात पहिले दोन दिवस डोकं शिणतं आणि सुट्टी राहते बाजूला. मोटरवे छान आहेत, टोल नाही, लिमिट ताशी 100 किमी. लार्नाका ते पाफोस साधारण दीड तासात होतं. कॅमेरे आहेत, तेवढं लिमिट पाळा.

क्रीटला उजवीकडून चालवायचं. पण खरा फरक नुसता बाजूचा नाही, पसाऱ्याचा आहे. बेट पूर्व-पश्चिम जवळजवळ 260 किमी लांब आणि मधे उंच डोंगर, त्यातलं प्सिलोरितिस शिखर 2,456 मीटर. मेन हायवे उत्तर किनाऱ्याने जातो, हेराक्लिओन ते हानिया साधारण 140 किमी, पण हा आपल्या डोक्यातला एक्सप्रेसवे नव्हे, बऱ्याच ठिकाणी प्रत्येक बाजूला एकच लेन आणि कडेला रुंद पट्टा. मागून कोणी जवळ आलं की तिथले लोक उजवीकडे त्या पट्ट्यावर सरकून वाट देतात, तुमच्याकडूनही तीच अपेक्षा असते. एकदा ते अंगवळणी पडलं की ठीक, पण आई-बाबा मागे बसलेत आणि ड्रायव्हर एकच आहे तर याचा विचार जरूर करा.

दक्षिणेकडे वळलात की रस्ता म्हणजे वळणंच वळणं. दक्षिण किनाऱ्यावरच्या होरा स्फाकियोन गावाला उतरणारा रस्ता बघा, वरंध घाट चालवलेल्या माणसाला भीती वाटणार नाही पण घाई अजिबात चालत नाही, खाली लिबियन समुद्र दिसत राहतो आणि रस्त्यात बकऱ्या. आणि मला विचाराल तर क्रीटला जायचं ते ह्याच्यासाठीच!! पुढे लुत्रो गावाला तर गाडीचा रस्ताच नाही, गाडी होरा स्फाकियोनला ठेवून बोटीने किंवा चालत जायचं. नकाशावर 40 किमी दिसलं तरी दीड तास धरा, म्हणजे चिडचिड होणार नाही.

म्हणून क्रीटला आठवडाच असेल तर माझं ठाम मत, अर्धंच बेट करा. पश्चिम घ्या, हानियात मुक्काम, मग दोन-तीन रात्री दक्षिण किनाऱ्यावर. एलाफोनिसीचा बीच, समारियाची 16 किमीची घळ, हानियाचं जुनं बंदर, एवढं पुष्कळ आहे. क्नोसॉसचा प्राचीन राजवाडा बघायचाच असेल तर विमान हेराक्लिओनचं घ्या आणि येता किंवा जाता उरका. पूर्वेचं स्पिनालोंगाचं किल्ल्याचं बेट, लासिथीचं पठार सगळं एका आठवड्यात कोंबलंत तर रोज हॉटेल बदलाल.

सायप्रसला ही कसरत नाही, पाफोसला एकच मुक्काम ठेवून बरंच होतं. गावातच युनेस्कोच्या यादीतले रोमन मोझेक, एका दिवशी कुरिओनचे प्राचीन अवशेष, एका दिवशी त्रोदोसचे डोंगर. त्रोदोसचा रस्ता चांगला आहे, झाडी दाट, ओमोदोस, काकोपेत्रिया अशी गावं, आणि बाहेरून साध्या कौलारू दिसणाऱ्या छोट्या चर्चमधे आत भिंतभर जुनी चित्रं, अशी दहा चर्च युनेस्कोच्या यादीत आहेत. हे सोडून नुसतं बीचवर बसू नका प्लीज. उणीव सांगायची तर किनाऱ्याचा बराच भाग हॉटेलांनी भरलाय, क्रीटच्या दक्षिणेसारखा मोकळेपणा हवा असेल तर अकामास द्वीपकल्पाकडे जावं लागतं.

कच्च्या रस्त्यांचं मात्र दोन्हीकडे सारखंच. अकामासमधला लाराचा बीच असो की क्रीटचा बालोस बीच, भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समधे कच्च्या रस्त्यावरचं टायरचं आणि खालच्या भागाचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, कागद नीट वाचा. बालोसला किसामोसहून बोट जाते, ती घ्या. ऑटोमॅटिक हवी तर लवकर बुक करा, डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आणि आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. सायप्रसमधे अजून एक, बेट 1974 पासून ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर असं विभागलेलं आहे आणि दक्षिणेतल्या गाडीचा इन्शुरन्स उत्तरेत चालत नाही. उत्तर बघायची तर निकोसियात लिड्रा स्ट्रीटवरून पासपोर्ट घेऊन पायी जा, सोपं पडतं.

शाकाहारी लोकांनी दोन्हीकडे निर्धास्त जावं. सायप्रसला हलुमी चीज भाजून मिळतं, आणि लुवी म्हणजे चक्क आपली चवळी, पालेभाजीत शिजवून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. क्रीटला दाकोस म्हणजे टोस्टसारख्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज, होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, भात भरलेले टोमॅटो. 'निस्तीसिमो' म्हणालात की उपासाचं, म्हणजे मांस, दूध, अंडं नसलेलं, हे तिथल्यांना लगेच कळतं.

व्हिसाचं: क्रीट ग्रीसचं, म्हणजे शेंगेन, बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा एकच व्हिसा. सायप्रस युरोपियन युनियनमधे 2004 पासून आहे पण व्हिसा वेगळा चालत आलाय आणि शेंगेनमधे जायची तयारी सुरू आहे, त्यामुळे बुकिंगच्या आधी ताजा नियम बघा. विमानाने सायप्रस सोपं, आखातातून लार्नाकाला थेट फ्लाइट आहेत. क्रीटला आपल्याकडून जाताना सहसा अथेन्सला बदलावं लागतं, किंवा अथेन्सच्या पिरेअस बंदराहून रात्रीची फेरी बोट.

आता सुट्टी कधी आहे ते बघा. दिवाळीत जाणार असाल तर सायप्रस, तेव्हाही समुद्रात उतरता येतं आणि हॉटेलं चालू असतात, क्रीटच्या दक्षिणेला मात्र ऑक्टोबर संपता संपता बरेच तावेर्ना म्हणजे छोटी खाणावळी-हॉटेलं बंद व्हायला लागतात आणि बोटीही कमी होतात. मे महिन्याची सुट्टी असेल आणि आलटून पालटून चालवणारे दोघं असतील तर बिनधास्त क्रीट: समारिया उघडलेली असते, ऑगस्टची गर्दी आणि उकाडा नसतो, आणि हानियाहून लेफ्का ओरी डोंगररांगेच्या माथ्यावर बर्फ अजून दिसत असतो.