मामांचे पडदे आणि एक एनएफटी संकेतस्थळ : पाचपैकी दोन तारे

दिवाळी सरली आणि धान घरात आले की गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा परिसरात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीच्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांसाठी माझ्या मामांनी चाळीस वर्षे पडदे रंगवले : राजवाडा, अरण्य, गावचा रस्ता. फ्लेक्सने त्यांचे काम हिरावून घेतल्यावर उरलेल्या अकरा पडद्यांची छायाचित्रे ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून जपलेल्या नोंदवहीच्या साखळीवर, टोकन (एनएफटी, म्हणजे मालकीची एकमेव डिजिटल नोंद) करून विकता येतील का, हे पाहण्यासाठी गेल्या हंगामात मी एका एनएफटी संकेतस्थळावर खाते उघडले. 11 मार्च 2021 रोजी क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या अमेरिकी कलावंताचे डिजिटल चित्र 6 कोटी 93 लाख डॉलरला गेले होते. त्या बातमीला मीही भुललो होतो, हे आधीच कबूल करतो.

खाते उघडणे सोपे आहे. वॉलेटचे, म्हणजे टोकने सांभाळणाऱ्या डिजिटल पाकिटाचे, परवलीचे बारा शब्द मी वहीत उतरवून ती वही धानाच्या कोठीशेजारच्या पेटीत ठेवली, कारण ते हरवले तर ना बँक मदतीला येते, ना संकेतस्थळ. पॉलिगॉन नावाच्या साखळीवर टोकन नोंदवण्याचा खर्च किरकोळ आला. विजेच्या नासाडीची जुनी तक्रारही आता तेवढी उरलेली नाही, कारण सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या मोठ्या साखळीने नोंदी पडताळण्याची पद्धत बदलल्यापासून तिचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला आहे.

खरी अडचण पुढे आली. टोकनात चित्र नसते. एक क्रमांक आणि चित्राच्या फाइलकडे नेणारा पत्ता असतो. आमच्या टोकनांतील पत्ता त्याच संकेतस्थळाच्या सर्व्हरचा निघाला, म्हणजे उद्या कंपनी बुडाली तर साखळीवर नोंद राहील आणि चित्र जाईल. फाइल आयपीएफएसवर, म्हणजे एकाच कंपनीच्या सर्व्हरवर न विसंबणाऱ्या, अनेक संगणकांच्या जाळ्यावर, ठेवण्याची सोय होती, पण ‘प्रगत’ नावाच्या पोटयादीत ती दडलेली असल्यामुळे माझ्या लक्षात आली तोवर सात टोकने तयार झाली होती.

अरण्याच्या पडद्याचे टोकन विकले गेले, तेव्हा मामांनी विचारले, “भाचे, पडदा तर इथंच आहे ना? मग त्यानं नेलं काय?” याचे नेमके उत्तर मला संकेतस्थळाच्या अटींतही सापडले नाही. प्रताधिकार मामांकडेच राहतो एवढे त्यात लिहिले आहे, पण खरेदीदाराला काय मिळते, ते तीन परिच्छेद वाचूनही धूसरच राहते.

पुनर्विक्रीत कलावंताला वाटा मिळेल, हे या व्यवहाराचे सर्वांत मोठे आकर्षण. मी दहा टक्के लिहिले होते. ते टोकन दुसऱ्या संकेतस्थळावर पुन्हा विकले गेले आणि मामांच्या खात्यात काहीच आले नाही, कारण हा वाटा साखळी सक्तीने वसूल करत नाही. तो देणे न देणे विक्री करणाऱ्या बाजारपेठेच्या मर्जीवर असते. ओपनसीसारख्या मोठ्या बाजारपेठेनेही ऑगस्ट 2023 मध्ये तो ऐच्छिक करण्याची घोषणा केली होती. नोंदणीच्या पानावर मात्र ‘आयुष्यभर मानधन’ असे ठळक अक्षरांत आजही झळकते. याच कारणासाठी मी एक तारा कापला.

करांचा हिशेबही आधी कुणीतरी सांगायला हवा होता. 2022 च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या उत्पन्नावर 30 टक्के कर लावला, त्याच वर्षी 1 जुलैपासून 1 टक्का टीडीएस सुरू झाला, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. या साऱ्याविषयी संकेतस्थळाच्या मदत-पानावर एक ओळसुद्धा नाही.

दुसरा तारा गेला तो राजवाड्याच्या पडद्यापायी. समाजमंदिराच्या भिंतीवर पडदा टांगून मी काढलेले तेच छायाचित्र, डाव्या कडेला शिवणीचा धागा लोंबत असलेले, कुणा अनोळखी खात्याने उचलून त्याचे वेगळे टोकन केले. साखळीवर दोन्ही नोंदी सारख्याच निर्दोष दिसतात, कारण टोकन कुणाकडे आहे ते साखळी चोख सांगते. मूळ पडदा सरसात रंग कालवून कुणी रंगवला, याच्याशी तिला देणेघेणे नाही. तक्रार केली, तर पाचव्या आठवड्यात इंग्रजीत साचेबद्ध उत्तर आले की पडताळणी सुरू आहे. तिसरा तारा अकरापैकी एकच टोकन विकले गेल्याबद्दल, आणि त्याचा दोष मी निम्मा माझ्याकडे घेतो; छायाचित्रे बेताचीच होती.

पडताळणी अजून सुरूच आहे. त्या अनोळखी खात्याने राजवाड्याची किंमत आमच्या दीडपट लावली आहे.