ट्रिप, इलेक्ट्रो की म्यू? सीमाभागात जुना छोटा फिल्म कॅमेरा घेण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची तरुण मुलं हल्ली जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची चौकशी करू लागली आहेत. सुरुवात बहुतेक वेळा लेन्सपासून होते: कुठल्याची लेन्स सगळ्यांत चांगली? खरं सांगायचं तर १९६० ते १९९० च्या दशकांतल्या कुठल्याही नावाजलेल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स अल्बममधल्या कॉपीसाठी पुरून उरते. आपल्या भागात निवड ठरते ती वेगळ्याच तीन गोष्टींवर. बिघडला तर कुणाला तो उघडता येईल का, त्याची बॅटरी कुठे मिळेल, आणि जून ते सप्टेंबर तो ठेवणार कुठे?

आधी खर्चाचं बोलू. ३६ फोटोंचा रंगीत रोल आज हजार रुपयांच्या आगेमागे पडतो. धुणं, स्कॅनिंग आणि कुरिअर धरलं की एका फोटोला ढोबळमानाने ४० रुपये होतात. वर्षाकाठी पाच-सहा रोल काढले तरी फिल्मवरचा खर्च साध्या कॅमेऱ्याच्या किमतीला गाठतो. म्हणून ज्या कॅमेऱ्यात फोटो वाया जातात, तो विकत घेताना कितीही स्वस्त पडला तरी पुढे महागच पडणार. आणि घरातल्या कार्याचे फोटो हमखास यायलाच हवेत असं असेल, तर त्या दिवसापुरता फोन वापरा. फिल्म त्याच्या जोडीला असू द्या.

घरातलाच कॅमेरा

बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात यशिका एमएफ-२, कोडॅक केबी-१० किंवा हॉटशॉट पडून असतो. बाहेरून काही विकत घेण्याआधी तो काढून बघा. आत ३५ एमएमचा रोल बसतो का, हे पहिलं पाहायचं. त्या काळी ११० नावाच्या छोट्या बंद कॅसेटवर चालणारेही बरेच छोटे कॅमेरे विकले गेले, आणि आजोबांचा ॲग्फा क्लिक थ्री असेल तर त्याला १२० चा रुंद रोल लागतो, तो सहजी मिळत नाही.

या कॅमेऱ्यांचं फोकस कायमचं ठरलेलं असतं. फार जवळ गेलात तर चेहरा धूसर येणार. शटरचा वेगही बहुधा एकच. उन्हात, अंगणात, शाळेच्या मैदानावर हे चोख काम करतात. बॅटरी लागते ती मुख्यतः फ्लॅशला, आणि तीही पेन्सिल सेल, जे जांबोटी-कणकुंबीच्या टपरीवरही मिळतात. अंधार पडला की मात्र फ्लॅशशिवाय यांना गती नाही. गुऱ्हाळात काहिलीसमोर फ्लॅश मारून बघा: वाफेवर उजेड आपटून अख्खी फ्रेम पांढरी होते, आणि काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या दिसतच नाही.

तरीही पहिला रोल यातच काढा असं मी आग्रहाने सांगेन. निगेटिव्ह हातात आल्यावर आपल्याला या नादात राहायचं आहे की नाही, हे कॅमेऱ्यावर पैसे न घालता कळतं.

ऑलिंपस ट्रिप ३५ आणि ऑलिंपस म्यू

विकत घ्यायचा म्हटलं की खरी लढत या दोघांत लागते, म्हणून यांच्याकडे जरा निवांत पाहू.

ट्रिप ३५ चं उत्पादन १९६७ ते १९८४ असं चाललं. त्याला बॅटरीच नाही. लेन्सभोवती जी खरखरीत काचेसारखी कडी दिसते, तिच्यामागे सेलेनियमचा सेल असतो. त्यावर उजेड पडला की थोडी वीज तयार होते, त्या विजेने मीटरची सुई हलते आणि सुईवरून कॅमेरा लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा आकार ठरवतो. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा चाळिसावा आणि दोनशेवा भाग. लेन्स ४० एमएम, एफ २.८ (हा एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो). उजेड अपुरा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. नवशिक्याचे पैसे वाचवणारी याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही. अंतर आपण लावायचं. एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर अशी चार चित्रं आहेत, म्हणजे एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर आणि त्यापलीकडचं सगळं.

म्यू १९९१ मध्ये आला आणि म्यू-टू १९९७ मध्ये. साबणाच्या वडीएवढा, झाकण सरकवलं की चालू. म्यू-टूची लेन्स ३५ एमएम, एफ २.८ आणि वजन बॅटरी सोडून १३५ ग्रॅम. फोकस, उजेड, रोल पुढे सरकवणं, सगळं तो स्वतः करतो. शिंतोडे सोसावेत अशी त्याची बांधणी आहे, आणि आपल्याकडच्या पावसात हा गुण थोडाथोडका नाही. कडेवर मूल घेऊन एका हाताने फोटो काढणाऱ्या आईला मी ट्रिप सुचवणार नाही, म्यूच सुचवेन.

पण म्यूच्या दोन खोडी माहीत असू द्या. झाकण लावून पुन्हा उघडलं की फ्लॅश आपोआप परत चालू होतो, तो दर वेळी आठवणीने बंद करावा लागतो. दुसरं म्हणजे तो रोलच्या डबीवरचे चंदेरी-काळे चौकोन वाचून फिल्मचा वेग, म्हणजे तिला किती कमी उजेड पुरतो ते, ओळखतो. हा वेग आयएसओच्या आकड्यात मोजतात. मोठ्या रिळातून कापून साध्या डबीत भरलेला स्वस्त कृष्णधवल रोल घातलात, तर डबीवर काही नाही म्हणून तो १०० आयएसओ धरून चालतो. ४०० ची फिल्म असेल तर तिला दोन पायऱ्या, म्हणजे चौपट, जास्त उजेड मिळतो. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बऱ्यापैकी पचवते, त्यामुळे फोटो येतात, पण जो वेग मिळावा म्हणून ४०० ची फिल्म घेतली तो मिळत नाही.

मला सगळ्यांत जास्त खुपते ती दुरुस्ती. म्यूचं आतलं काम म्हणजे सर्किट, बारीक मोटर आणि रिबनसारख्या केबल्स. यांतलं एक गेलं की भाग मिळत नाही, आणि मिळाला तरी तो दुसऱ्या मेलेल्या म्यूतून काढलेला. आज चालणारा म्यू उद्या बटण दाबल्यावर गप्प बसला, तर बेळगावातच काय, पुण्या-मुंबईतही त्याला हात लावणारा शोधावा लागतो. बॅटरी सीआर-१२३ए, ती ऑनलाइन मागवून एक जादा जवळ ठेवावी लागते. ट्रिपचं बिघडणं बहुतेक यांत्रिक असतं. छिद्राची पाती तेलकट होऊन चिकटतात, फोकसची कडी घट्ट होते. जुन्या स्टुडिओत काम केलेला, कॅमेरे खोलायची सवय असलेला माणूस भेटला तर हे दुरुस्त होतं. ट्रिपची खरी भीती एकच, सेलेनियम सेल मेलेला असणं. तो पुन्हा जिवंत होत नाही. तरीही छिद्राची कडी ‘ए’वरून (म्हणजे आपोआपवरून) हलवून छिद्र हाताने लावलं तर कॅमेरा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाने फोटो काढत राहतो, साफ बाद होत नाही.

सेल तपासणं सोपं आहे. कडी ‘ए’वर ठेवा, लेन्स तळहाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा. लाल पट्टी यायला हवी. मग उन्हाकडे धरून दाबा, बटण अडायला नको. त्यानंतर फिल्मच्या वेगाचा आकडा २५ वरून ४०० वर नेऊन छिद्राचा आकार बदलतो का बघा. विकणारा हे करू देत नसेल तर पुढे बोलूच नका.

रात्रीच्या मिरवणुकीसाठी

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जन हे दोन प्रसंग बेळगावात असे आहेत, की केवळ त्यांच्यासाठी कॅमेरा घ्यावा. दोन्ही रंगतात रात्री, आणि तिथे ट्रिपची लाल पट्टी सारखी वर येते. म्यू फ्लॅश मारतो, पुढच्या दोन रांगांचे चेहरे पांढरेफटक होतात आणि मागचा देखावा काळोखात जातो.

तिथे यशिका इलेक्ट्रो ३५ घ्या. १९६६ पासूनच्या या मालिकेत ४५ एमएमची एफ १.७ लेन्स आहे, म्हणजे ट्रिपच्या जवळजवळ तिप्पट उजेड आत येतो. शटर ३० सेकंदांपर्यंत उघडं राहू शकतं. तुम्ही छिद्र लावायचं, वेळ तो ठरवतो, आणि हात हलण्याची भीती असेल तर पिवळा दिवा लागतो. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस लावता येतं, अंदाज करावा लागत नाही. मात्र हा कॅमेरा खिशात मावणारा नाही. आकार आणि वजन दोन्ही भरपूर, तासाभराने मानेला कळतं. शिवाय मूळची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ छोट्या अडॅप्टरने बसवतात आणि यशिकाचं सर्किट तो फरक सहज चालवून घेतं.

कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री (१९७२) याच ताकदीचा आणि आकाराने लहान. त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे. १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर मीटर चुकीचं सांगतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल जवळचा पडतो आणि तो श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो, पण वरची पट्टी काढली की काही आठवड्यांत संपतो. बॅटरी नसली तरी कॅनोनेट हाताने पूर्ण चालवता येतो, इलेक्ट्रोला ते जमत नाही. दुरुस्तीच्या बाजूने विचार केला तर माझं मत कॅनोनेटला.

पैसे जपून वापरायचे असतील तर ऑलिंपस पेन ईई मालिका बघा. फ्रेम अर्धी असल्यामुळे ३६ च्या रोलवर ७२ फोटो येतात, आणि उजेडावर चालणारा सेलेनियम सेल ट्रिपसारखाच. मोठ्या कॉपीत दाणे लवकर दिसतात आणि काही लॅब स्कॅनिंगचे जादा पैसे घेतात. लॅबला आधी विचारा.

काँटॅक्स टी-टूसारख्या टायटॅनियमच्या महागड्या कॅमेऱ्यांचा मोह धरू नका. लेन्स अप्रतिम आहे यात शंका नाही. पण तो बनवणाऱ्या क्योसेरा कंपनीने २००५ मध्ये काँटॅक्सचा कारभारच आवरला, आणि एवढे पैसे घातलेली वस्तू बंद पडली की दाद कुणाकडे मागणार?

पाऊस आणि बुरशी

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तशीच काचेलाही लागते. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मोबाइलचा दिवा तिरका धरून पुढून-मागून बघा. शटरला ‘बी’ (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहण्याची खूण) असेल तर ते उघडं धरून आरपार पाहता येतं. कडेला थोडे तंतू असले तर फोटोत फारसा फरक पडत नाही, मध्यभागी पसरलेले असतील तर सोडून द्या.

सगळ्यांत जास्त ओल धरतं ते कॅमेऱ्याचं चामड्याचं कव्हर. दिसायला देखणं असतं, पण पावसाळ्यात कॅमेरा त्यात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि उघडीप मिळाली की बाहेर काढून चार वेळा शटर चालवा. रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबी बाहेरच्या हवेशी जुळल्याशिवाय उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. मागच्या दाराच्या खाचेतला फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर घाबरू नका. तो खरवडून तिथे काळ्या लोकरीचा धागा बसवला की उजेड आत शिरत नाही, आणि या कारणासाठी भावही कमी करून मागता येतो.

रोल धुणार कुठे?

रंगीत रोल सी-४१ नावाच्या रासायनिक पद्धतीने सुमारे ३८ अंशांवर धुतला जातो आणि तापमान थोडं हललं तरी रंग बिघडतात. तो चालू लॅबकडेच पाठवा, पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला, आणि दोन-तीन रोल साठवून एकदम पाठवलेत तर कुरिअर परवडतं. निगेटिव्ह परत पाठवायला आवर्जून सांगा. कृष्णधवल रोल मात्र घरच्या मोरीत धुता येतो. चित्र उमटवणारं डी-७६ आणि ते पक्कं करणारं हायपो ही दोन रसायनं, आणि २० अंशांचं पाणी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी याहून बरंच गरम असतं, तेव्हा बर्फाची बादली शेजारी हवी. फिल्मवरचा खर्च असा बराच खाली येतो आणि शहराच्या लॅबवर अवलंबून राहावं लागत नाही.

तेव्हा घरचा एमएफ-२ चालत असेल तर आधी त्याचा रोल संपवा. पहिल्यांदाच विकत घेत असाल आणि दिवसाउजेडी गल्ली, शेत, जत्रा टिपायची असेल तर सेल तपासलेला ट्रिप ३५. मिरवणुकीसाठी कॅनोनेट, आणि तो बजेटबाहेर गेला तर इलेक्ट्रो. म्यू कुणी घरातलाच दिला तर आनंदाने वापरा. विकत घेणार असाल तर तेवढेच पैसे घाला, जे उद्या तो बंद पडला तरी सोडून देता येतील.