ब्लेंडर-डीएमएक्स: कॅमेरा प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवा

एकांकिकेच्या संघाला थिएटरमध्ये लाईट लावून बघायला वेळ मिळतो तो थोडाच. पुरुषोत्तम करंडकाच्या तयारीला लागलेल्या मुलांसाठी म्हणूनच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालणारं, रंगमंचाची प्रकाशयोजना संगणकावर दाखवणारं ब्लेंडर-डीएमएक्स हे फुकट अ‍ॅड-ऑन मोलाचं आहे. जीडीटीएफ फिक्श्चर (खऱ्या दिव्यांची डिजिटल रूपं) घ्यायचे, क्यूएलसी प्लस या लाईट चालवायच्या सॉफ्टवेअरवरून आर्ट-नेट (नेटवर्कवरून जाणारे लाईटचे संदेश) सोडायचं, की पडद्यावर लाईट पेटतात. नाही पेटले तर आधी युनिव्हर्सचा (लाईट चॅनेलच्या गटाचा) आकडा तपासा: आर्ट-नेटची मोजणी ० पासून, एसएसीएन या तशाच दुसऱ्या पद्धतीची १ पासून.

खरी गोम ब्लेंडरमधल्या कॅमेऱ्यात आहे. वरून बघत बसलं की जमिनीवरची प्रकाशाची वर्तुळं सुरेख दिसतात आणि नटाचा चेहरा अंधारात गेलाय हे ध्यानातच येत नाही. खाली बसलेल्या प्रेक्षकाला जमीन दिसते ती चिंचोळ्या पट्टीएवढी. तो चेहरा बघतो. म्हणून पहिला कॅमेरा मधल्या रांगेत, साधारण १.२ मीटरवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. मॉडेलमध्ये रंगमंचाची उंची धरलेली नसेल तर या आकड्याला अर्थ नाही.

हवा तो कोन सापडला की कंट्रोल, आल्ट आणि नमपॅडचा शून्य एकदम दाबा, कॅमेरा तिथे येतो. पुढची बारीक हलवाहलव करायला एन दाबून व्ह्यू टॅबमध्ये ‘कॅमेरा टू व्ह्यू’वर टिक करा आणि काम झालं की ती लगेच काढा. राहून गेली तर पुढच्या वेळी सहज माउस फिरवताच लावलेली जागा गेलीच. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर प्रेफरन्सेसच्या इनपुटमध्ये ‘एम्युलेट नमपॅड’ चालू करायचं.

मूळची लेन्स ५० मिमी, सेन्सर ३६ मिमी. १२ मीटरवरून त्यात जेमतेम ८.६ मीटर रुंदी मावते, म्हणजे १० मीटरच्या रंगमंचाच्या विंगांकडच्या जागा कापल्या जातात. ३५ मिमी केलं की १२.३ मीटर मिळतात. १८ मिमी लावून कॅमेरा पुढे मात्र नेऊ नका. चित्र भव्य होतं, पण सायक्लोरामा, म्हणजे रंगमंचामागचा मोठा पडदा, आहे त्याहून दूर भासतो आणि मागच्या लाईटचा अंदाज चुकतो.

प्रयोग बालगंधर्वला असेल तर दुसरा कॅमेरा बाल्कनीत हवाच. तिथून जमीन उघडी दिसते, गोबोची (लाईटमध्ये बसवायच्या कोरीव चकतीची) नक्षी तिथूनच पारखावी. टाइमलाइनवर प्रसंगागणिक मार्कर टाका, कॅमेरा निवडा आणि कंट्रोल-बी दाबा. प्लेबॅकमध्ये त्या फ्रेमला कॅमेरा आपोआप बदलतो. ही सोय फार कामाची आहे, दिग्दर्शकाला दोन्ही जागांवरून प्रसंग सलग दाखवता येतो.

धुरातले झोत साध्या ग्राफिक्स कार्डला झेपत नाहीत, तेव्हा कॅमेरा लावताना धूर बंद ठेवा. रंगांवरही विसंबू नका. ब्लेंडर ४.० पासून रंग दाखवण्याची मूळ सेटिंग एजीएक्स आहे, त्यात तीव्र निळा-लाल प्रकाश फिकट पडतो. जिलेटिन (लाईटपुढचा रंगीत पारदर्शक कागद) कुठलं लावायचं ते थिएटरमध्येच ठरवा.