ट्रायरीम: एका मोसमाच्या वापरानंतर, आणि वल्ह्याच्या वादीबद्दल जरा जास्तच

ट्रायरीम म्हणजे प्राचीन भूमध्य समुद्रातलं वल्ह्यांचं लढाऊ जहाज. आर्टेमिसियमला ग्रीक आणि इराणी आरमारांची तीन दिवस झुंज झाली आणि अथेन्सची निम्मी जहाजं दुरुस्तीला आली. साल इ.स.पू. ४८०. आधीची १२७ आणि मागून आलेली ५३. त्यातलं बरंचसं लाकूड तीन वर्षांच्या आतलं, आणि पहिल्याच खऱ्या वापरात ही गत. म्हणून भाटगिरी बाजूला ठेवून लिहावं म्हटलं. तीन मजली वल्ही, १७० वल्हेकरी (वरच्या रांगेत ६२, खालच्या दोन्हींत ५४-५४), नाळेवर (पुढच्या टोकाला) ब्राँझची चोच, लांबी ३७ मीटरच्या आसपास, हे सगळं माहितीचंच आहे. त्यात शिरत नाही.

किंमतीबद्दल तक्रार नाही. अथेन्सच्या लॉरियन खाणीत चांदीचं घबाड लागलं तेव्हा माणशी दहा द्राख्मा वाटून मोकळं व्हायचा बेत होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याने शेजारच्या इजिना बेटाशी चाललेल्या भांडणाचं निमित्त पुढे केलं आणि पैसा जहाजांकडे वळवला. एका जुन्या नोंदीप्रमाणे शंभर धनिकांच्या हाती एकेक टॅलेंट ठेवून एकेक जहाज बांधून घेतलं. टॅलेंट म्हणजे ६००० द्राख्मा, साधारण २६ किलो चांदी. पण खरा खड्डा पडतो तो पुढे. पुढच्या पिढ्यांत रोजी एक द्राख्मावर गेली तेव्हाचा हिशेब करा: २०० माणसं, ३० दिवस, म्हणजे ६००० द्राख्मा. दर महिन्याला आख्ख्या टॅलेंटचा धूर. घेताना स्वस्त, पोसताना हत्ती.

आता वादी. वल्हं ज्या उभ्या खुंटीला टेकतं, तिथे त्याला धरून ठेवणारी कातड्याची पट्टी. ग्रीकमध्ये त्रोपोतिर. एका जहाजावर १७०, दोनशे जहाजांच्या आरमाराला ३४,०००. ना लोखंडी कडी, ना खोबण. सगळा जोर या पट्टीवर. आणि कातडं ते कातडंच. कोरडं असताना कडक, भिजलं की सैल. ओली करून आवळून बांधली तर वाळताना छान घट्ट बसते, पण तासाभराच्या तुषारांनी पुन्हा लोंबकळते. चरबी चोळून ठेवली तर पाणी कमी पिते, पण चरबी दर दोन-तीन दिवसांनी चोळावी लागते आणि ती काही फुकट येत नाही.

वादी सैल झाली की काय होतं, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. वल्हेकरी ओढ घेतो, पण पहिले दोन सेंटिमीटर वल्हं नुसतं खुंटीपाशी सरकतं, ‘टक्’ आवाज येतो, आणि मगच पातं पाण्याला धरतं. वल्हं चार मीटरच्या वर, त्यातला सुमारे एक तृतीयांशापेक्षा कमी भाग आत. तेव्हा खुंटीपाशी दोन सेंटिमीटर ढिलाई म्हणजे मुठीपाशी जवळजवळ तीन. ओढ ८५ सेंटिमीटरची धरली, तर साडेतीन टक्के ओढ नुसती ढिलाई भरून काढण्यात जाते. १७० पैकी सहा माणसं घरी बसवल्यासारखं. महिन्याच्या टॅलेंटातले दोनशे द्राख्मा कातड्याच्या ढिलाईत! शिवाय सगळ्यांची ढिलाई सारखी नसते, त्यामुळे बासरीवाल्याने कितीही नीट ताल धरला तरी ओढ फाटते. वल्ही एकमेकांवर आदळतात ती इथूनच.

हा दोष दोन्ही बाजूंना होता, हेही लिहायला हवं. इराणचा सम्राट झर्क्सिस याचं आरमार म्हणजे काही वेगळा माल नव्हता: फिनिशियनांची ३००, इजिप्तची २००, आयोनियन ग्रीकांची १००, सगळ्या ट्रायरीमच. त्यांच्यावर वर आणखी तीस-तीस इराणी, मीड आणि शक सैनिक चढवलेले. अथेन्सच्या डेकवर सॅलमिसला (त्याच वर्षीची, ग्रीकांनी जिंकलेली लढाई) सैनिक १८ च. उंच ठिकाणी वजन वाढलं की जहाज डुलतं, डुललं की खालची रांग कधी हवेत तर कधी खोल पाण्यात मारते, आणि ओढ पुन्हा वादीवरच येते.

अथेन्सचा नाटककार एस्किलस मॅरेथॉनला लढलेला माणूस. सॅलमिसनंतर आठ वर्षांनी, ४७२ मध्ये, त्याचं ‘इराणी’ नाटक झालं. त्यातला दूत आदल्या संध्याकाळचं वर्णन करतो, तेव्हा आधी जेवणाचं सांगतो आणि मग हेच: इराणी बाजूच्या प्रत्येक खलाश्याने वल्हं खुंटीला वादीने बांधलं. समोर इराणची राणी उभी, आरमार बुडाल्याची खबर द्यायची, आणि वादीचा उल्लेख! ज्याने वल्हं कधी हाताळलं नाही त्याला हे सुचायचं नाही. मग ती जहाजं रात्रभर सामुद्रधुनीची तोंडं अडवून वल्हवत राहिली. ग्रीक खलाशी सॅलमिसच्या किनाऱ्यावर झोपले आणि उजाडताना कोरडी वादी आवळून बाहेर पडले. विजयाची कारणं पुष्कळ आहेत, अरुंद जागा, वारा, थेमिस्टोक्लीसने झर्क्सिसला धाडलेला फसवा निरोप. पण आठ-दहा तास भिजलेली वादी विरुद्ध ताजी बांधलेली वादी, हे कारण माझ्या यादीत खालचं नाही.

इथपर्यंत मी एक तारा वादीच्या ढिलाईसाठी कापला होता. तो परत देतोय.

कारण अथेन्सच्या पिरीअस बंदरात १९८५ ते १९८७ मध्ये बांधलेली ट्रायरीमची प्रतिकृती, ‘ऑलिम्पियास’. १९८७ ते १९९४ मध्ये पाच मोसम त्याच्या समुद्रावर चाचण्या झाल्या. बहुतेक नवशिके वल्हेकरी, तरी ९ नॉट वेग निघाला आणि एका मिनिटाच्या आत, अडीच जहाजांच्या लांबीत, ते उलट्या दिशेला वळलं. अडचण आली भलतीकडेच. जहाजाच्या पोटातून नाळेपासून वराम्यापर्यंत (मागच्या टोकापर्यंत) ताणलेला जाड दोर असतो, हिपोझोमा. लाटेवर जहाजाची लांबट कूस (सांगाडा) मधून वाकू नये म्हणून. पूर्वीच्या दोरासारखा लवचिक दोर मिळेना, म्हणून पोलादी तार घातली. लाकूड वाकलं की पूर्वीचा दोर थोडा देतो-घेतो. पोलाद देत नाही. तारेवरचा ताण लाटेगणिक वरखाली होऊ लागला, तार तुटून माणसांवर येईल अशी धास्ती पडली आणि त्यासाठी वेगळं संरक्षण करावं लागलं. म्हणजे या जहाजात जे थोडं ताणलं जातं तेच त्याला जपतं. वादीच्या जागी पक्की कडी असती, तर शत्रूचं जहाज कुशीला घासून गेल्यावर वल्ह्याबरोबर खुंटी आणि फळीही गेली असती. आता आधी तुटते ती सगळ्यात स्वस्त वस्तू. पिरीअसच्या पुढच्या शतकातल्या कोठारनोंदींत एका जहाजामागे तीस जादा वल्ही लिहिलेली आहेत. नवं वल्हं, नवी वादी, दोन गाठी, काम चालू.

ऑलिम्पियासमधला दुसरा घोळ मापाचा. दोन वल्हेकऱ्यांमधलं अंतर ०.८८८ मीटर ठेवलं, म्हणजे दोन हात, हात ४४.४ सेंटिमीटरचा धरून. उंच माणसाला गुडघे कुठे ठेवायचे कळेना, ओढ आखूड पडली. पुढे हात ४९ सेंटिमीटरचा असावा असं मत झालं, म्हणजे अंतर ९८. नऊ सेंटिमीटरचा फरक, पण लांब पल्ल्याचा वेग तिथेच अडला.

आत बसण्याबद्दल थोडक्यात: भयंकर. उन्हात वल्हवताना माणशी तासाला एक लिटर पाणी लागतं, म्हणजे १७० लिटर तासाला. एवढं पाणी ठेवायला जागाच नाही, म्हणून दुपारी किनारा गाठावाच लागतो. वरच्यांचा घाम खालच्यांवर. त्यावर विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसने केलेला विनोद इथे लिहिण्यासारखा नाही. सर्वात खालच्या रांगेची भोकं पाण्यापासून हातभर उंच, म्हणून त्यांना कातडी बाही बांधतात. बाही फाटली की जहाज पाणी पितं. भोक किती मोठं? ४९९ मध्ये नॅक्सोसच्या मोहिमेत मेगाबॅटीस या इराणी सेनापतीने पहारा न ठेवल्याबद्दल मिंडसच्या स्कायलॅक्स नावाच्या कप्तानाचं डोकं त्याच भोकातून बाहेर काढून त्याला बांधून ठेवलं. एवढं मोठं.

देखभालीत सगळ्यात जास्त चुकतं ते वाळवण. कूस हलकी, पाइन-फर लाकडाची; पाण्यात राहिली की पाणी शोषून जड होते, किडा लागतो. रोज रात्री वर ओढा, अधूनमधून नीट सुकवा, डांबर भरा. झर्क्सिसला हे पक्कं माहीत होतं: डोरिस्कसच्या लांब किनाऱ्यावर त्याने सगळं आरमार वर काढून वाळवलं. पण १,२०७ जहाजं (आकडा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा) प्रत्येक मुक्कामाला कुठे मावणार? सेपियासच्या भूशिराजवळ किनारा आखूड, म्हणून पुढची रांग जमिनीला आणि बाकीची नांगरून, आठ-आठ ओळींत उभी. पहाटे वादळ आलं. हेरोडोटस चारशे जहाजं गेली म्हणतो. आकडा फुगलेला धरला तरी कारण साधं आहे: जहाजं जास्त, वाळू कमी.

आणि सराव. तो जहाजाबरोबर मिळत नाही. ४९४ मध्ये लाडे बेटापाशी इराणविरुद्ध बंड केलेल्या आयोनियनांची ३५३ जहाजं होती. फोकिआच्या दिओनिसिओसने रोज शत्रूच्या रांगेतून घुसून निघायची कवायत घेतली. सात दिवस चालली. आठव्या दिवशी खलाश्यांनी बेटावर तंबू ठोकले, सावलीत बसले आणि जहाजावर चढायला साफ नकार दिला. लढाईत आयोनियन हरले. कवायतीत तळहात सोलतात, ढुंगण सोलतं. म्हणून वल्हेकरी आपली उशी जपतो. उशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी वादीबद्दल तक्रार करायलाही बसता येणार नाही.

रेटिंग: वेगाला पाच, वळणाला पाच, पाणी आणि वासाला एक, वादीला चार. पाचवा तारा चरबीच्या खर्चात गेला.

जुनी, पडून असलेली जहाजं स्वस्तात मिळत असतील तर एक गोष्ट लक्षात असू द्या. अथेन्स-स्पार्टा युद्धात, ४२९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, स्पार्टाच्या बाजूच्या खलाश्यांनी पिरीअसवर अचानक झडप घालायचं ठरवलं. प्रत्येकाने आपलं वल्हं, आपली उशी आणि आपली वादी घेतली, आणि कॉरिंथहून पायी मेगाराचं बंदर गाठलं. तिथे चाळीस जहाजं किनाऱ्यावर होतीच. रात्री पाण्यात ढकलली, निघाले, पण पिरीअसपर्यंत जायची हिंमत झाली नाही. सॅलमिस लुटून परतले. परतायची घाई होण्यामागे एक कारण जहाजंच होती: फार दिवस वर पडून फळ्या आक्रसल्या होत्या आणि पाणी आत येत होतं. वाद्या मात्र एकूण एक बरोबर आणल्या होत्या.